तोड कधी येणार?

दिवाळी उलटली की बेल्हे, राजुरी, आळे, बोरी या पट्ट्यात एक ऊसवाला दुसऱ्याला भेटतो आणि रामराम झाल्याबरोबर विचारतो, ‘‘काय, तोड आली का?’’ विचारणाऱ्यालाही ठाऊक असते की समोरच्याच्या हातात यातले फारसे काही नाही. ऊस त्याचा आहे, पण कोयता बीड-पाथर्डीकडून आलेल्या मजुराचा, ट्रॅक्टर तिसऱ्याच कुणाचा, ऊस गिळणारी गव्हाण कारखान्याची आणि कालव्याचे पाणी पाटबंधारे खात्याचे. पाचांचे एकाच आठवड्यात एकाच रानात जुळले, तर ऊस वेळेवर तुटतो. आणि या पाचांपैकी कोणीही दुसऱ्याचा नोकर नाही.

साधने तुटपुंजी, कामे एकमेकांत अडकलेली आणि मालक अनेक. अशा वेळी कोणते काम कोणी, कधी आणि कशाने करायचे? या प्रश्नावर गणिती आणि व्यवस्थापनशास्त्रज्ञ गेली सत्तर वर्षे डोके चालवत आहेत. विमानतळाची धावपट्टी, रुग्णालयातले शस्त्रक्रियागृह, मोटारींच्या सुट्या भागांचे कारखाने, सॉफ्टवेअर कंपन्यांतल्या टीम, सगळीकडे हाच पेच असतो. पण तो भिंतींच्या आड असतो. उघड्यावर, धुरळ्यासकट पाहायचा असेल तर नोव्हेंबर ते मार्च या काळात कल्याण-अहिल्यानगर रस्त्याने बेल्हे ते आळेफाटा एवढे जावे. दोन-दोन ट्रेलर ओढत निघालेले ट्रॅक्टर, बांधाला उभी असलेली रिकामी गाडी, अर्धा तुटून राहिलेला फड आणि कानाला फोन लावून बांधावर येरझारा घालणारा शेतकरी, हे सगळे एकाच वेळापत्रकाचे तुकडे आहेत.

जुन्नर तालुक्यात निवृत्तीनगरचा विघ्नहर सहकारी साखर कारखाना आहे आणि शेजारच्या आंबेगावात पारगावचा भीमाशंकर. या दोघांपैकी कुणाचे आकडे इथे घेत नाही. हिशेबापुरता रोज ५,००० टन ऊस गाळणारा एक कारखाना धरू. दिवसाचे चोवीस तास तो चालतो, म्हणजे तासाला २०० टनांहून थोडा जास्त ऊस त्याला लागतो. दोन ट्रेलरच्या ट्रॅक्टरवर वीस टन धरले तर दर सहा मिनिटांना एक भरलेली गाडी गव्हाणीवर रिकामी झाली पाहिजे, रात्री तीन वाजतासुद्धा. एक कोयता दिवसाला साधारण दीड ते दोन टन ऊस तोडतो, म्हणजे अडीच हजार ते तेहतीसशे कोयते रोज फडात हवेत. एकरी चाळीस टन धरले तर रोज सव्वाशे एकर रान मोकळे होते. हंगाम दीडशे दिवस चालला तर साडेसात लाख टन ऊस आणि पावणेएकोणीस हजार एकर. आपल्याकडे दीड-दोन एकरांचे तुकडे, त्यामुळे फड होतात दहा हजारांच्या आसपास. या दहा हजार फडांपैकी आज कोणता तोडायचा, हा प्रश्न कारखान्याच्या शेतकी खात्याला रोज संध्याकाळी पडतो.

फडात काय चालते ते जवळून पाहिल्याशिवाय हा प्रश्न कळत नाही. ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल (आगाऊ रक्कम), मजुरी, हजेरी, सगळा हिशेब जोडीचा होतो. उजाडायच्या आत दोघे फडात शिरतात. तो वाकून बुडाशी, अगदी जमिनीलगत कोयता घालतो, कारण उसाची खालची कांडी सर्वांत गोड. दोन बोटे वर तोडले तरी कारखान्याची साखर आणि शेतकऱ्याचे वजन दोन्ही मातीत राहते. मग शेंड्याचे वाढे उडवायचे, पाचट सोलायचे, ऊस आडवा टाकायचा. ती ते ऊस गोळा करून वाढ्यांच्याच बंधाने मोळी बांधते. गाडी आली की मोळी डोक्यावर घेऊन तिरक्या फळीवरून ट्रेलरवर चढायचे, टाकायची, उतरायचे, पुन्हा दुसरी. गाडी दुपारी आली तर ठीक. पण कारखान्यावर रांग लागली असेल तर ती रात्री दहाला येते आणि भरणी मोबाइलच्या उजेडात चालते. वेळापत्रकात कुठेही चूक झाली, तर ती शेवटी या बाईच्या झोपेतून वसूल होते. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत याला लवचीक मनुष्यबळ म्हणतात.

आता कारखान्याची बाजू. तुटलेला ऊस नाशवंत असतो. कोयता बसल्यापासून त्यातली साखर फुटू लागते आणि फुटलेल्या साखरेचे दाणे पडत नाहीत, ती मळीत जाते. म्हणून तोडल्यापासून चोवीस तासांत गाळप व्हावे असा दंडक आहे. उन्हाळ्याकडे हे नुकसान आणखी भराभर होते, आणि जळिताचा ऊस तर थांबतच नाही. दुसरीकडे गव्हाण रिकामी राहिली की ‘नो-केन’. मिल थांबली तरी बॉयलर, माणसे आणि कर्जाचे व्याज काही थांबत नाही. पुन्हा सगळे सुरळीत व्हायला तास जातात ते वेगळेच. म्हणजे ऊस कमी आला तर नुकसान आणि जास्त आला तरी नुकसान. एलियाहू गोल्डरॅट या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये ‘द गोल’ ही कादंबरी लिहून एक सूत्र जगभरच्या कारखान्यांत रुजवले. साखळीत सर्वांत अडलेले साधन कोणते ते आधी शोधा आणि बाकी सगळ्यांनी आपली चाल त्याच्या चालीला जुळवा. साखर कारखान्यात पिढ्यान्‌पिढ्या हे अडलेले साधन म्हणजे गव्हाण मानली गेली आणि सगळी तोड तिच्या भुकेप्रमाणे लावली गेली. ती समजूत आता खरी राहिलेली नाही, त्याकडे येतोच.

तोडीचा कार्यक्रम लावण्याचा सर्वमान्य नियम म्हणजे लागणीची तारीख. जुलै-ऑगस्टची आडसाली लागण सोळा-अठरा महिन्यांनी तुटते, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी चौदा-पंधरा महिन्यांनी, जानेवारी-फेब्रुवारीची सुरू बाराव्या महिन्यात, आणि तोडल्यावर त्याच बुडख्यातून पुन्हा फुटलेला खोडवा त्याच सुमारास किंवा थोडा आधी. शेतकी खात्याकडे नोंद असते : गट नंबर, क्षेत्र, जात, लागण तारीख. या नोंदीवरून यादी निघते. हा नियम सोपा आहे, सगळ्यांना कळतो आणि भांडणात दाखवता येतो, हाच त्याचा मोठा गुण. पण ऊस काही तारखेने पिकत नाही. को ८६०३२ आणि फुले २६५ या दोन जाती एकाच दिवशी लावल्या तरी त्यांत साखर एकाच दिवशी भरत नाही; जमीन, पाणी, खत, थंडी यांनीही फरक पडतो. म्हणून शेतकी खात्याचा माणूस रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फडात जातो, उसाला टोचा मारून रसाचा थेंब काचेवर घेतो आणि ब्रिक्स, म्हणजे रसातला गोडवा, वाचतो. तारखेची यादी एक सांगते, काच दुसरे.

यात एक गोम आहे. शेतकऱ्याला पैसे मिळतात वजनावर. रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, साखर उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीला, बांधलेला आहे. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी तो टनाला ३,५५० रुपये ठरला. पण उतारा मोजला जातो अख्ख्या कारखान्याचा सरासरी. माझा ऊस भरपूर गोड असला आणि शेजाऱ्याचा पाणचट, तरी टनाचा भाव दोघांनाही एकच. त्यामुळे पक्वतेप्रमाणे तोड लावण्यात कारखान्याचा फायदा आहे, सभासदांचा सरासरीने आहे, पण एकट्या शेतकऱ्याला त्यासाठी आपली पाळी सोडायचे काही कारण नाही. त्याचे हिशेब वेगळे असतात. तुरा आला, ऊस पोकळ पडू लागला, वजन घटू लागले. किंवा रान मोकळे करून त्यात कांदा घालायचा आहे. किंवा खोडवा लवकर धरला तर उन्हाळ्याआधी फुटवा चांगला होईल. तोडकऱ्याला हवा असतो उभा, न लोळलेला, जाड ऊस, भरपूर वाढ्यांचा, कारण वाढे विकून हातखर्च सुटतो. वाहतूकदाराला हवा असतो डांबरी रस्त्यालगतचा फड, म्हणजे दिवसात एक खेप जास्त बसते. प्रत्येकाची मागणी रास्त आहे. चौघांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या तर पहिला नंबर चार वेगळ्या फडांचा निघेल.

संगणकाला सांगितले तर तो काढून देणार नाही का सर्वांत चांगला क्रम? इथे गणित आडवे येते. एका टोळीपुढे नुसते पंधरा फड असले तरी ते तोडण्याचे वेगवेगळे क्रम होतात सुमारे १ लाख ३० हजार कोटी. दहा हजार फड, शेकडो टोळ्या आणि रोज बदलणारी परिस्थिती घेतली तर सगळे क्रम तपासून पाहणे कोणत्याही यंत्राच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि अशा प्रश्नांना सरधोपट वेगवान रीत बहुधा नसावीच, असे १९७० नंतरच्या संशोधनाने दाखवले. गणितज्ञ या जातीच्या प्रश्नांसमोर परिपूर्ण उत्तराचा नाद सोडून बऱ्यापैकी उत्तर शोधतात. बेल लॅब्जमधल्या रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९६६ मध्ये एक दिलासा देणारी गोष्ट सिद्ध केली होती : एकसारखी यंत्रे असतील आणि करण्याजोगे काम समोर असताना कोणी रिकामे बसत नसेल, तर यादी कितीही आडमुठी असो, एकूण वेळ सर्वोत्तम वेळेच्या दुपटीपलीकडे जात नाही. सरसकट लागण तारखेने चालणारा कारखाना बुडत का नाही, याचे उत्तर काहीसे यात आहे.

तरीही क्रमाने फरक पडतो, आणि तो किती पडतो हे बेल्ह्याच्या कांद्यावर सहज दाखवता येते. हा सगळा पट्टा कांद्याचा, माल आळेफाट्याच्या उपबाजारात जातो. समजा दोन शेजारी आहेत. काढणी-काटणीला बायकांची एक टोळी, आणि निवड करून गोण्या भरायला दुसरी. दोघांना मिळून या दोनच टोळ्या मिळणार आहेत. पहिल्याचा कांदा काढायला दोन दिवस लागतील, पण माल मिसळीचा असल्याने निवडीला पाच. दुसऱ्याचा काढायला पाच दिवस, पण माल एकसारखा, निवड दोनच दिवसांची. दोघांचेही काम सात-सात दिवसांचेच. पहिल्यापासून सुरुवात केली तर तिसऱ्या दिवशी निवडीची टोळी कामाला लागते, काढणीवाल्या दुसऱ्याच्या रानात जातात आणि नवव्या दिवशी दोघेही मोकळे. उलटे केले तर निवडीची टोळी पहिले पाच दिवस हात बांधून बसते आणि सगळे उरकायला बारा दिवस लागतात. तीच माणसे, तेच कांदे, तीन दिवसांचा फरक. ज्याचा पहिला टप्पा लवकर उरकून दुसरा लांबतो त्याला आधी घ्या, हा नियम एस. एम. जॉन्सन यांनी १९५४ मध्ये सिद्ध केला. दोन टप्प्यांपर्यंत तो बिनचूक चालतो. तिसरा टप्पा आला की कोणताही असा सुटसुटीत नियम उरत नाही. आणि दोन टप्प्यांतही एक अडचण राहतेच. दुसऱ्या शेजाऱ्याने मागे का थांबायचे? बाजार आज चढा आहे. जॉन्सनच्या गणितात दोघे एकाच मालकाचे आहेत असे गृहीत आहे. बेल्ह्यात तसे नसते.

ग्रॅहम यांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती, ती दिलासा देणारी मुळीच नाही. अशा यादीबरहुकूम चालणाऱ्या कामात यंत्रे वाढवली, किंवा प्रत्येक काम थोडे कमी वेळात होऊ लागले, तरी एकूण वेळ कधीकधी वाढतो. ऐकायला विपरीत वाटते, पण कारखान्याच्या वाहनतळावर उभ्या असलेल्या ड्रायव्हरला यात नवल वाटणार नाही. टोळ्या जास्त आल्या, सगळ्यांनी झपाट्याने तोडले, तर ऊस गव्हाणीत न जाता तळावर जातो. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला एक नियम इथे तंतोतंत लागू पडतो : तळावरच्या गाड्यांची संख्या म्हणजे तासाला येणाऱ्या गाड्या गुणिले प्रत्येकीचे थांबण्याचे तास. तासाला दहा गाड्या रिकाम्या होतात आणि तळावर शंभर उभ्या आहेत, तर आत्ता आलेल्याचा नंबर दहा तासांनी. तेवढा वेळ तो ट्रॅक्टर बेल्ह्याच्या फडात नसतो. फडात मोळ्या पडून वाळतात, टोळी गाडीची वाट पाहते, आणि उद्या सकाळी गव्हाणीला ऊस कमी पडतो. म्हणजे काल जास्त तोडल्यामुळे आज नो-केन. यावर कारखाने कोटा ठरवतात, गटागटाला गाड्या वाटून देतात. काही ठिकाणी गाडी फडातून निघण्याआधीच तिचा नंबर मोबाइलवर लावला जातो. रांग तळावरून फडात आणली की रांग कमी होत नाही, पण ऊस तुटायच्या आधी थांबतो, तुटल्यावर नाही. फरक मोठा आहे.

आता अडलेल्या साधनाकडे. गेल्या काही वर्षांत कारखान्यांनी आपली गाळपक्षमता वाढवत नेली, त्यातून हंगामाचे दिवस आटले. कोयते मात्र त्या प्रमाणात वाढले नाहीत. तोडकऱ्यांची पुढची पिढी शक्य असेल तिथे या कामातून बाहेर पडते आहे, आणि पडावीच. जानेवारी २०२४ मध्ये तोडकऱ्यांच्या संघटना आणि साखर संघ यांच्यात झालेल्या समझोत्यात तोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ झाली, ती कुणाच्या औदार्याने नव्हे; कोयता मिळेनासा झाला म्हणून. गव्हाणीपेक्षा कोयता दुर्मीळ झाला की वेळापत्रकाची सूत्रे त्याच्याकडे जातात, किंवा खरे म्हणजे कोयते ज्याच्या हाती आहेत त्या मुकादमाकडे. फड कोणता तोडायचा हे शेतकी खाते कागदावर ठरवते. पण लोळलेला, काटेरी, आडरानातला ऊस असेल तर टोळी ‘उद्या बघू’ म्हणते आणि तो उद्या आठवडाभर लांबतो. मग येते खुशाली. एकरी अमुक द्या, गाडीमागे ड्रायव्हरला एंट्री द्या, तर तोड लावू. साखर आयुक्तालय त्यावर कारखान्यांना परिपत्रके काढते, तक्रार करा म्हणते. तक्रार केली तर टोळी बांधावरून निघून जाईल या भीतीने शेतकरी गप्प बसतो. अर्थशास्त्राच्या भाषेत हा दुर्मीळ साधनाचा भाव झाला. प्रश्न एवढाच की तो भाव रात्रीच्या फोनवर, एकेकट्याला गाठून ठरतो. जाहीर दर असता तर तो देणे न देणे शेतकऱ्याच्या मर्जीवर राहिले असते.

कोयता हंगामात मिळवायचा नसतो, तो सहा महिने आधी बांधून ठेवायचा असतो. पावसाळ्यात वाहतूकदार किंवा कारखाना मुकादमाला उचल देतो, मुकादम ती जोड्यांना वाटतो, आणि मग दसऱ्यानंतर ट्रकभर संसार घेऊन टोळी जुन्नर-आंबेगावात उतरते. उचल ही वेळापत्रकातली सर्वांत जुनी आणि सर्वांत महाग कडी आहे. ज्याने दिली त्याला टोळी येईलच याची खात्री नाही. एका मुकादमाने तिघांकडून उचल घेतल्याची प्रकरणे पोलीस ठाण्यात जातात आणि वाहतूकदार देशोधडीला लागतो. ज्याने घेतली त्याला फिटेपर्यंत सुटका नाही; जोडीचा हंगाम आजारपणात गेला तर उचल पुढच्या वर्षावर चढते. दोन्हीकडून विश्वास नसलेल्या व्यवहाराला पैशाने बांधून ठेवण्याची ही रीत आहे.

याच दोन तालुक्यांच्या पश्चिमेला, डोंगराकडे, साधने वाटून घेण्याची अगदी वेगळी रीत होती आणि काही गावांत आहे : पडकई. महादेव कोळी कुटुंबे एकत्र येऊन उतारावर दगडाचे बांध घालतात आणि भातखाचरे तयार करतात. आज सगळ्यांचे हात एकाच्या रानात, उद्या दुसऱ्याच्या. एकट्या घराला जन्मभर न होणारे काम मिळून एका उन्हाळ्यात होते. डिंभे धरणाने विस्थापित झालेल्यांच्या भागात कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या शाश्वत संस्थेने या रीतीला पुन्हा बळ दिले. वेळापत्रकाच्या दृष्टीने पडकईत पाहण्यासारखी गोष्ट अशी की पाळी ठरवताना सगळे साधनधारक समोरासमोर बसलेले असतात. ज्याचे रान आधी झाले, तोच उद्या दुसऱ्याच्या रानात दगड उचलणार असतो. त्यामुळे आधी कोण हा प्रश्न तितका जीवघेणा राहत नाही. पडकईला भाबडेपणाने डोक्यावर घ्यायचे कारण नाही. वीस-पंचवीस घरांची, एकमेकांना तीन पिढ्या ओळखणाऱ्यांची ती रीत दहा हजार फडांना लागू होणार नाही. पण उसाच्या वेळापत्रकात नेमके काय हरवले आहे ते तिच्याशेजारी ठेवल्यावर दिसते.

कारण उसात ते पाच जण कधीच एकत्र बसत नाहीत. तोडीचा कार्यक्रम शेतकी कार्यालयात ठरतो. कोयत्याचे करार पावसाळ्यात मुकादमाच्या गावी होतात. आणि पाणी ठरते तिसरीकडेच. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांचा कुकडी प्रकल्प जुन्नर-आंबेगावपासून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत पाणी पुरवतो. बेल्हे-आळे भागाची भिस्त पिंपळगाव जोगेच्या डाव्या कालव्यावर. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कधी सुटणार, किती दिवस चालणार, हे कालवा सल्लागार समितीत ठरते, आणि तिथला मुख्य झगडा वरचे तालुके विरुद्ध खालचे तालुके असा असतो. उसाच्या तोडीची यादी त्या टेबलावर सहसा नसते. आता फडाकडून पाहा. तोडीआधी पंधरा दिवस पाणी तोडावे लागते, नाहीतर उतारा घसरतो आणि ओल्या रानात ट्रॅक्टर रुततो. तोड झाल्यावर मात्र खोडव्याला लगेच पाणी हवे. आवर्तन आले आणि दोन दिवसांनी तोड आली, तर ट्रॅक्टर आत जात नाही, टोळी पुढच्या गावाला निघून जाते. तोड झाली आणि आवर्तन महिन्याने आले, तर खोडव्याचे डोळे वाळतात. एकाच रानातल्या दोन तारखा दोन कार्यालयांत, एकमेकांना न विचारता ठरतात. विहीर किंवा शेततळे असलेला यातून निभावतो. शेततळे बांधायला शेतकरी कर्ज का काढतो, तर दुसऱ्याच्या वेळापत्रकातून आपली थोडी सुटका करून घेण्यासाठी. उद्योगांत मधल्या टप्प्यावर साठा ठेवतात तो याच कारणाने.

काही अडथळे कुणाच्याच यादीत नसतात. जुन्नर वनविभागात उसाचा फड हेच बिबट्याचे घर झाले आहे. तोडणी फडाच्या मधल्या पट्ट्यात आली की पाचटात बिबट्याचे बछडे सापडतात, हे इथे दर हंगामाला घडते. कोयते थांबतात. वनखात्याची माणसे येतात, माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर बछडे तपासतात आणि अंधार पडल्यावर क्रेटमध्ये ठेवून मादीने घेऊन जाण्याची वाट पाहिली जाते. तोपर्यंत तो फड बंद, आणि आजूबाजूच्या फडांतही पहाटे अंधारात शिरायला कोणी तयार नसते. सकाळचे दोन तास गेले की रोजची दीड-दोन टनांची सरासरी गेली. अवकाळी पाऊस झाला तरी असेच. रस्त्यालगतचे फड पुढे घेतले जातात, आतले मागे पडतात. सोमवारी बेल्ह्याचा आठवडे बाजार, तेव्हा जवळपास उतरलेल्या टोळीने मीठ-मिरची आणायला अर्धा दिवस घेतला तर तोही धरून चालावे लागते. शंभर टक्के भरलेले वेळापत्रक असल्या पहिल्याच धक्क्याला मोडते. नुकसान मग धक्का बसलेल्या फडापुरते राहत नाही, यादीत मागे असलेल्या प्रत्येकाचे होते.

हे वेळापत्रक मोडले तर काय होते ते २०२१-२२ च्या हंगामात दिसले. पाऊस चांगला झाला, क्षेत्र वाढले आणि महाराष्ट्राने १३७ लाख टन साखर काढून उत्तर प्रदेशाला मागे टाकले. त्याच वेळी मराठवाड्यात मे महिना निम्मा उलटला तरी ऊस उभा होता. गेवराई तालुक्यात तोड न मिळालेल्या एका शेतकऱ्याने फड पेटवून जीव दिला. सरकारने १ मेनंतर गाळलेल्या उसाला उतारा घटीपोटी टनाला २०० रुपये आणि लांबच्या वाहतुकीला अनुदान जाहीर केले, मराठवाड्याकडे पश्चिम महाराष्ट्रातून तोडणी यंत्रे हलवली. गाळपक्षमता होती, पण ती दुसरीकडे होती. २०२२ मध्ये आयुक्तालयाने ‘महा-ऊस नोंदणी’ हे अ‍ॅप आणले, शेतकऱ्याने घरबसल्या नोंद करावी म्हणून. नोंद सोपी झाली हे चांगलेच झाले. पण नोंद केल्याने कोयता येत नाही. यादीत नाव कुठे आहे, आपल्या पुढे किती एकर शिल्लक आहे आणि गटात आज किती टोळ्या कामावर आहेत, या तीन गोष्टी एका पडद्यावर रोज दिसू लागल्या तर रात्रीचे निम्मे फोन बंद होतील, असे माझे मत आहे. शेतकऱ्याला उशीर सोसतो. पाळी कुणी कापली हे न कळणे सोसत नाही.

सध्याचे उत्तर म्हणून हार्वेस्टर, म्हणजे ऊसतोडणी यंत्र, पुढे केला जातो. २०२३ मध्ये राज्याने ९०० यंत्रांसाठी ४० टक्के, कमाल ३५ लाख रुपये अनुदानाची योजना आणली. यंत्र एका दिवसात पन्नासेक कोयत्यांचे काम करते आणि खुशालीसाठी अडून बसत नाही, निदान स्वतःहून तरी. पण ते उसाची वीतभर कांडकी करते आणि कापलेल्या तोंडांची संख्या वाढल्याने ती अख्ख्या उसापेक्षा लवकर नासतात. म्हणजे तळावरची दहा तासांची रांग आता अजिबात चालणार नाही. बरोबर चालणाऱ्या गाड्या सतत रिकाम्या हव्यात, नाहीतर कोटीभराचे यंत्र बांधावर उभे. पाचट जास्त येते म्हणून वजनात वजावट होते, त्यावरून वाद आहेतच. आणि यंत्राला वळायला जागा लागते, सरी किमान साडेचार-पाच फुटी लागते, दीड एकरासाठी ते आठ किलोमीटर चालून येत नाही. त्यामुळे बेल्ह्याच्या शिवारात आता जुलैत आडसाली धरणाऱ्याला सरी सोडतानाच पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबराचा विचार करावा लागतो : तेव्हा आपल्याकडे कोयता येणार की यंत्र, आणि यंत्र यावे असे वाटत असेल तर शेजारचे दोघे त्याच आठवड्यात, तीच जात, तेवढ्याच सरीवर लावायला तयार आहेत का.